कापाल तितकी दाट होणारी भिंत

मुलांनो, आज एक काम करा. शाळेच्या आवाराला, सोसायटीच्या बागेला नाहीतर गावातल्या दवाखान्यासमोर मेंदीचं किंवा कोयनेलचं छान कापलेलं कुंपण असेलच. त्याच्यासमोर जा. आधी काठीने फांद्या थोड्या हलवा, कारण आत गांधीलमाश्यांचं पोळं असू शकतं. कुणी गुणगुणत बाहेर आलं नाही, तर दोन्ही हातांनी पानं बाजूला करा आणि आत डोकावा.

काय दिसलं? बाहेरून हिरवंगार, गच्च भरलेलं कुंपण आतून चक्क रिकामं! आत नुसत्या काड्या. पानं सगळी बाहेरच्या बाजूला, फार तर वीतभर जाडीच्या थरात.

असं का? पान उन्हाच्या जोरावर अन्न तयार करतं. पण पानालाही जगायला अन्न लागतं. ज्या पानाला सावलीत राहून पोटापुरतंही अन्न तयार करता येत नाही, त्याला झाड फार दिवस सांभाळत नाही. त्या पानातला नत्रासारखा उपयोगी माल झाड परत ओढून घेतं आणि पान गाळून टाकतं. कुंपणाच्या आत ऊन पोचत नाही, म्हणून तिथे पान टिकत नाही. कुंपण लावायचं कसं, कापायचं कसं आणि त्याचा आकार कसा ठेवायचा, याची निम्मी उत्तरं या एका निरीक्षणात दडलेली आहेत. उरलेली निम्मी झाडाच्या शेंड्यात आहेत. तिकडे जाऊच, पण त्याआधी एक छोटा प्रश्न.

सदाहरित झाडाची पानं गळतात का?

फेब्रुवारी-मार्चमध्ये सह्याद्रीत फिरायला गेलात तर पळस, पांगारा, काटेसावर यांच्या फांद्या उघड्याबोडक्या दिसतात. सागही पानं गाळत असतो. त्याच डोंगरावर करवंदीची जाळी मात्र हिरवीगार उभी असते. करवंद, अडुळसा, कुंती, कोयनेल, जास्वंद ही सगळी सदाहरित झुडपं.

सदाहरित म्हटलं की वाटतं, यांची पानं कधी गळतच नसतील. पण पानं सगळ्यांचीच गळतात. पळस आपली पानं थोड्या दिवसांत एकदम गाळतो. सदाहरित झुडूप थोडी थोडी पानं वर्षभर गाळत असतं आणि तेवढीच नवी आणत असतं, म्हणून ते उघडं पडलेलं आपल्याला दिसत नाही. खात्री करायची असेल तर कुंपणातल्या एका कोवळ्या पानाच्या देठाला रंगीत दोरा सैलसर बांधा आणि वहीत तारीख लिहून ठेवा. ते पान किती दिवस टिकलं, हे तुमचं तुम्हालाच कळेल.

करवंदाचं पान बोटांत धरून बघा. जाड, चामड्यासारखं चिवट आणि वरून तकतकीत. ही तकाकी मेणासारख्या थराची. या थरामुळे पानातलं पाणी उन्हाळ्यात सहज उडून जात नाही. असं जाड पान तयार करायला झाडाला जास्त माल खर्च करावा लागतो, म्हणून झाड ते जास्त दिवस वापरतं. मेंदी मात्र थोडी वेगळी आहे. पाणी मिळत राहिलं तर ती वर्षभर हिरवी राहते, पण फार ताण पडला की तीही पानं गाळून मोकळी होते.

शेंड्याचा हुकूम

आता मोठा प्रश्न. मेंदीचं झुडूप न कापता वाढू दिलं तर ते डोक्याच्या वर जातं आणि विरळ होतं. तेच दर थोड्या दिवसांनी कापलं की गच्च होतं. कापलं तर कमी व्हायला हवं, मग वाढतं कसं?

कोणत्याही फांदीचं टोक नीट बघा. टोकाला शेंड्याचा कोंब असतो. खाली जिथे जिथे पान फांदीला चिकटलेलं असतं, तिथे तिथे बगलेत एक बारीक फुगीर टिकली दिसते. माळी तिला डोळा म्हणतात. प्रत्येक डोळ्यात एक अख्खी फांदी दडलेली असते. पण शेंडा शाबूत असेपर्यंत यातले बहुतेक डोळे झोपलेले राहतात. शेंडा त्यांना जागं होऊ देत नाही.

हे शेंड्याला जमतं कसं, याचा शोध लागायला बरीच वर्षं लागली. सुरुवात केली उत्क्रांतीच्या सिद्धांतामुळे तुम्हाला माहीत असलेल्या चार्ल्स डार्विन यांनी. १८८० साली त्यांनी आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी वनस्पतींच्या हालचालींवर एक पुस्तक लिहिलं. त्यासाठी त्यांनी गवताचे कोवळे कोंब उजेडाकडे कसे वाकतात ते पाहिलं होतं. कोंबाच्या टोकावर उजेड अडवणारी टोपी घातली की कोंब वाकेनासा झाला. वाकतं ते टोकाच्या खालचं अंग, पण टोपी घातलेली टोकावर! म्हणजे टोकाकडून खाली काहीतरी निरोप जात असला पाहिजे, असं बापलेकांच्या लक्षात आलं.

निरोप घेऊन जाणारा पदार्थ हाती लागला १९२०च्या दशकात. नेदरलँड्समध्ये फ्रिट्स वेंट या तरुण संशोधकाने ओटच्या कोंबांची टोकं कापून अगरच्या तुकड्यांवर ठेवली. अगर हा समुद्री शेवाळापासून मिळणारा, जेलीसारखा पदार्थ. थोड्या वेळाने टोकं उचलून घेतली आणि नुसता अगरचा तुकडा टोक कापलेल्या कोंबावर ठेवला. कोंब पुन्हा वाढायला लागला! टोकातला पदार्थ अगरमध्ये उतरला होता. त्या पदार्थाचं नाव ऑक्सिन.

मग १९३०च्या दशकात केनेथ थिमन आणि फोल्के स्कूग यांनी आपल्या कुंपणाच्या कोड्याला हात घातला. त्यांनी घेवड्यासारख्या एका शेंगवर्गीय रोपाचा शेंडा कापला. बगलेतले डोळे फुटले. मग दुसऱ्या रोपाचा शेंडा कापून त्या जागी ऑक्सिन असलेला अगर लावला. डोळे झोपलेलेच राहिले! रोपाला वाटलं, शेंडा अजून जागेवरच आहे.

गोष्ट इथे संपली नाही. ऑक्सिन फांदीतून खाली वाहतं, पण ते झोपलेल्या डोळ्यात शिरत नाही. मग डोळ्यापर्यंत हुकूम पोचवतं कोण? झाडात आणखीही संप्रेरकं असतात, म्हणजे निरोप नेणारी रसायनं. सायटोकायनिन डोळ्यांना जागं करतं. स्ट्रिगोलॅक्टोन त्यांना झोपवतं. स्ट्रिगोलॅक्टोनचं हे काम तर २००८ साली उजेडात आलं. म्हणजे माळीकाका शेकडो वर्षं कात्रीने जे करत आले, त्याची कारणं विज्ञान अजूनही उलगडतंय.

शेतकऱ्यांनाही ही युक्ती पक्की माहीत आहे. हरभरा वीतभर वाढला की त्याचे शेंडे खुडतात. त्याने फुटवे वाढतात आणि घाटे जास्त लागतात. खुडलेल्या शेंड्यांची भाजी होते, घोळाणा होतो. झेंडूचा शेंडा खुडतात तेही याचसाठी.

आता वही घ्या आणि हिशोब करा. एक फांदी कापली आणि तिच्या जागी दोन फुटवे आले. ते दोन कापले, चार झाले. मग आठ, सोळा, बत्तीस. सहाव्या छाटणीनंतर एका फांदीच्या ६४ झाल्या! प्रत्यक्षात त्यातले काही फुटवे सावलीत मरतात आणि काही डोळे उठतच नाहीत. तरीही कुंपण गच्च का होतं, ते या आकड्यांवरून कळतं.

काडीला वर-खाली कळतं

कुंपणाला रोपं खूप लागतात. सगळी विकत आणायची गरज नाही. मेंदी, कोयनेल, जास्वंद, अडुळसा यांच्या काड्यांपासून नवी रोपं होतात. पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर लांब, तीन-चार डोळे असलेली काडी घ्या. खालची पानं काढा, वरची एक-दोन ठेवा. माती भरलेल्या पिशवीत निम्मी काडी आत जाऊ द्या आणि पिशवी सावलीत ठेवून माती ओलसर राखा.

काडीला मुळं नव्हती, मग आली कुठून? इथे पुन्हा ऑक्सिन! ते काडीत वरून खालीच वाहतं. खाली वाट संपली की तिथे साचतं आणि त्या ठिकाणच्या पेशींना मुळं फोडायला लावतं. रोपवाटिकेत काडीचं टोक ज्या पावडरीत बुडवतात, तिच्यातही ऑक्सिनच्याच जातीचं रसायन असतं.

याहून गंमत म्हणजे काडीला आपलं वर कुठलं आणि खाली कुठलं हे ठाऊक असतं. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ हेर्मान फ्योख्टिंग यांनी वाळुंजाच्या जातीच्या झाडाच्या काड्या दमट हवेत टांगल्या. काही सरळ, काही उलट्या. उलट्या टांगलेल्या काड्यांनाही मुळं फुटली, पण कुठे? झाडावर असताना जे टोक खालचं होतं, तिथेच. मग ते आता छताकडे असलं तरीही! हे त्यांनी १८७८ साली प्रसिद्ध केलं. म्हणून काड्या कापताना खालचं टोक तिरकं आणि वरचं सपाट कापायची सवय ठेवा. लावताना घोटाळा होत नाही.

करवंद आणि कुंती यांची रोपं बियांपासून करतात. मे-जूनमध्ये करवंदं खाल्लीत की बिया फेकू नका. धुऊन लगेच पिशवीत पेरा. फार दिवस ठेवलेल्या बिया नीट उगवत नाहीत.

लावायची वेळ, लावायची पद्धत

आपल्याकडे कुंपण लावायला सगळ्यात चांगले दिवस म्हणजे जून-जुलै. दोन चांगले पाऊस झाले की कामाला लागा. पाऊस मुळांना रुजवतो आणि आपले पाणी घालायचे कष्ट वाचवतो.

सुटे सुटे खड्डे घेण्यापेक्षा दोरी लावून एक सलग चर खणा, दीड-दोन फूट रुंद आणि दीड फूट खोल. हे काम मोठ्या माणसांना सोबत घेऊन करायचं. वर निघालेल्या मातीत शेणखत किंवा गांडूळखत मिसळा आणि चर पुन्हा भरा. घराच्या भिंतीपासून दोन-तीन फूट जागा सोडा, नाहीतर मागच्या बाजूने कापायला उभंच राहता येणार नाही.

कुंपण दाट हवं असेल तर रोपं दोन ओळींत लावा. दोन रोपांत साधारण एक फूट अंतर. पण दुसऱ्या ओळीतलं रोप पहिल्या ओळीतल्या रोपाच्या थेट मागे नको. वर्गाचा फोटो काढताना मागच्या रांगेतली मुलं पुढच्या दोघांच्या मधून डोकावतात ना? तसं. त्यामुळे प्रत्येक रोपाला ऊन मिळतं आणि समोरून बघताना फट राहत नाही.

रोपं रुजली, फूटभर उंच झाली, सगळे कौतुक करायला लागले की आता मन घट्ट करा. सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, घ्या आणि रोपं निम्मी कापा. हो, निम्मी! लोक इथेच कच खातात. आधी उंच होऊ दे, मग कापू, असं म्हणतात. मग शेंडे वर पळतात, खालचे डोळे झोपून राहतात आणि कुंपणाचा पाया कायमचा विरळ राहतो. त्या फटीतून शेळीही येते आणि कुत्रंही येतं. कुंपण खालून दाट हवं असेल तर ते लहान असतानाच कापायला हवं.

पुढे पावसाळ्यात वाढ जोरात असते, तेव्हा तीन-चार आठवड्यांनी हलकी छाटणी करा. थंडीत कमी वेळा. कडक उन्हाळ्यात खोल कापू नका, कारण आतली सावलीत वाढलेली कोवळी पानं एकदम उन्हात आली की करपतात. पहिले दोन उन्हाळे पाणी चुकवू नका. बुंध्याशी पालापाचोळ्याचा थर द्या, म्हणजे ओल टिकते आणि तण कमी उगवतं. कापलेला पालाही तिथेच पसरला किंवा खतात टाकला तरी चालतो. तो जाळू मात्र नका.

खाली रुंद, वर अरुंद

आपण सुरुवातीला आत डोकावून जे पाहिलं, ते आता उपयोगी पडेल. कुंपणाला आकार देताना वरचा भाग पसरला आणि खालचा अरुंद राहिला तर काय होईल? वरच्या पानांची सावली खालच्यांवर पडेल. खालची पानं गळतील. दोन-तीन वर्षांत कुंपणाच्या पायाशी नुसते खुंट दिसतील.

म्हणून चांगला माळी कुंपण खाली थोडं रुंद आणि वर थोडं अरुंद कापतो. उतार अगदी कमी असतो, लांबून लक्षातही येत नाही. पण त्यामुळे सकाळचं आणि दुपारचं ऊन पायथ्यापर्यंत पोचतं. वरची रेघ सरळ यावी म्हणून दोन टोकांना काठ्या रोवून दोरी ताणायची आणि तिच्या आधाराने कात्री चालवायची.

कुंपण जुनं होऊन विरळ झालं तर? मेंदी, कोयनेल, जास्वंद यांच्या जुन्या लाकडातही झोपलेले डोळे असतात. पावसाळ्याच्या तोंडावर ती गुडघ्याएवढी कापली तरी पुन्हा फुटतात. मोरपंखीचं तसं नाही. तिच्या पानं नसलेल्या जुन्या लाकडात जागे होणारे डोळे जवळजवळ नसतातच. तिला हिरव्या भागाच्या आत कापलं की तिथे भगदाड पडतं आणि ते भरून येत नाही.

मुंबईत मलबार हिलवर फिरोजशहा मेहता उद्यान आहे. सगळे त्याला हँगिंग गार्डन म्हणतात. १८८१ साली पाण्याच्या मोठ्या साठ्यावर ते तयार केलं गेलं. तिथे झुडपं कापून केलेले प्राण्यांचे आकार प्रसिद्ध आहेत. त्यामागची कला माळ्यांची आणि युक्ती आपली तीच, शेंडा कापून डोळे जागे करण्याची.

मिठासाठी उभं केलेलं कुंपण

आता एका प्रचंड कुंपणाची खरी गोष्ट. इंग्रजांच्या राज्यात मिठावर कर होता. काही भागात कर कमी, तर काही भागात खूप जास्त. स्वस्त भागातलं मीठ चोरून महाग भागात जाऊ नये म्हणून सरकारने देशाच्या मधोमध पहाऱ्याची एक रेषा आखली. १८६९मध्ये ही रेषा सिंधू नदीपासून महानदीपर्यंत, २,३०० मैल म्हणजे सुमारे ३,७०० किलोमीटर लांब होती. तिच्यावर सुमारे १२,००० माणसं पहारा देत. गरिबाच्या भाकरीवरच्या चिमूटभर मिठासाठी एवढा बंदोबस्त! मोठाच अन्याय होता तो.

या रेषेवर बऱ्याच लांबीपर्यंत कुंपण होतं. आधी ते वाळक्या काटेरी फांद्यांचं होतं. पण वाळकं कुंपण वाळवीने खाल्लं, आगीत जळालं, वादळात उडालं. दरवर्षी नवे काटे आणून रचावे लागत. १८६७मध्ये ही रेषा सांभाळणाऱ्या खात्याचे प्रमुख झाले ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. ते पक्ष्यांचे मोठे अभ्यासक होते आणि पुढे १८८५मध्ये मुंबईत भरलेल्या काँग्रेसच्या पहिल्या अधिवेशनामागेही तेच होते. त्यांनी जिवंत कुंपणावर जोर दिला. कुठल्या मातीत कुठलं झुडूप जगतं याचे प्रयोग केले. माती वाईट तिथे चर खणून चांगली माती भरली, पाणी साचतं तिथे बांध घालून त्यावर झुडपं लावली, कोरड्या भागात विहिरी खणल्या. बोर, बाभूळ, करवंद, निवडुंग अशी झाडंझुडपं वाढून काही ठिकाणी कुंपण १२ फूट उंच झालं.

१८७९मध्ये ही रेषा बंद झाली आणि लोक हे कुंपण जवळजवळ विसरूनच गेले. पुढे रॉय मॉक्सम या इंग्रज लेखकाने जुने नकाशे घेऊन भारतात त्याचा शोध घेतला. चंबळच्या बाजूला त्यांना १९९८मध्ये त्याचा उरलेला तुकडा सापडला. २००१मध्ये त्यांचं त्यावरचं पुस्तक आलं.

ते कुंपण गेलं ते बरंच झालं. पण झाडांबद्दलची एक गोष्ट त्यातून नक्की शिकण्यासारखी आहे. वाळक्या काट्यांचं कुंपण पहिल्या दिवसापासून झिजत जातं. जिवंत कुंपण पहिल्या दिवसापासून वाढत जातं आणि मोडलं तर स्वतःच फुटवे काढून भगदाड बुजवतं.

कोणतं झुडूप निवडाल?

कुंपण कशासाठी हवंय, यावर उत्तर अवलंबून आहे.

गुरं-शेळ्या अडवायच्या असतील तर करवंद. त्याचे काटे जोडीने येतात आणि टोकाशी दुभंगलेले असतात. फांदी मोडली की पांढरा चीक येतो. शिवाय मार्च-एप्रिलमध्ये सुवासिक फुलं आणि मे महिन्यात डोंगरची काळी मैना! वाढ मात्र सावकाश, धीर धरावा लागतो.

काटे नको असतील तर अडुळसा. त्याची पानं इतकी कडू की शेळीही खात नाही, असं खेड्यात सांगतात. या कडू पानांत वासिसिन नावाचं रसायन असतं. त्याच्या अभ्यासातूनच खोकल्यावरचं ब्रोमहेक्झिन हे औषध तयार झालं.

नीट कापलेली, सरळ रेघेची भिंत हवी असेल तर मेंदी किंवा कोयनेल. मेंदीच्या हिरव्या पानात लॉसोन हे रंगद्रव्य असतं. हाताच्या कातडीतल्या केराटिनशी त्याचा संयोग होतो, म्हणून पान हिरवं आणि हात लाल. कोयनेल समुद्रकाठच्या खाऱ्या वाऱ्यातही तग धरते, कारण ती मुळात किनाऱ्यावरचीच.

सुवास हवा असेल तर कुंती. रंग हवा असेल तर जास्वंद. जास्वंदीवर कधी कधी कापसासारखे पांढरे पुंजके दिसतात, ते पिठ्या ढेकूण. ते झाडाचा रस पितात आणि गोड चिकट द्रव टाकतात. तो गोडवा मिळवण्यासाठी मुंग्या त्यांची राखण करतात! थोडे असतील तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढा, जास्त असतील तर ती फांदीच कापून टाका.

कोकणात किनाऱ्याजवळ सागरगोट्याच्या वेलासारख्या झुडपाचं कुंपण दिसतं. त्याचे आकडेवजा काटे कपड्याला धरले की सोडत नाहीत. मुली ज्या राखाडी, गुळगुळीत बियांनी सागरगोटे खेळतात, त्या याच झुडपाच्या. या बिया पाण्यावर तरंगतात आणि समुद्राच्या प्रवाहाबरोबर दूरदूरच्या किनाऱ्यांना लागतात.

काही झुडपांपासून मात्र सावध राहा. मोगली एरंड कुंपणाला सर्रास लावतात, पण त्याच्या बिया खाल्ल्या तर विषबाधा होते. त्या शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून मुलं फसतात. चव घेऊनही बघू नका. शेराचा चीक डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते. कण्हेर दिसायला सुंदर, पण तिचं पान, फूल, काडी सगळंच विषारी. आणि घाणेरी, म्हणजे टणटणी, तर लावूच नका. ती मूळची अमेरिका खंडांतली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेसाठी आपल्याकडे आणली गेली. पक्ष्यांनी बिया पसरवल्या आणि आता आपल्या जंगलांत तिने गवताची आणि देशी झुडपांची जागा बळकावली आहे.

कुंपणातले रहिवासी

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असं आपण म्हणतो. पण सरडा कुंपणाकडेच का धावतो? कारण तिथे त्याला लपायला फांद्या मिळतात आणि खायला किडे मिळतात. शिंपी पक्षी रुंद पानांच्या कडांना चोचीने भोकं पाडून कापसाच्या, कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्यांनी ती शिवतो आणि आत घरटं करतो. बुलबुल कुंपणातल्या फांद्यांच्या बेचक्यात वाटीसारखं घरटं बांधतो. कुंती लिंबाच्या कुळातली, म्हणून बहुरूपी फुलपाखरू तिच्यावर अंडी घालतं. त्याची लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, त्यामुळे पक्षी तिच्याकडे वळत नाहीत. पानं थोडी कुरतडलेली दिसली की लगेच औषध मारायला धावू नका. आधी बघा, कोण राहायला आलंय.

म्हणून एकाच झुडपाची लांबच लांब रांग लावण्यापेक्षा दोन-तीन प्रकार मिसळून लावा. एकावर कीड पडली तरी बाकीची तगतात, वर्षभर कुठलं ना कुठलं झुडूप फुललेलं असतं आणि जास्त पाहुणे येतात. छाटणीच्या आधी कुंपण नीट तपासा. आत अंडी किंवा पिल्लं असलेलं घरटं दिसलं, तर पिल्लं उडून जाईपर्यंत तेवढा भाग कापायचा नाही. चार आठवडे कुंपण वेडंवाकडं दिसलं म्हणून काही बिघडत नाही.

आता तुमची पाळी

एकाच मापाची मेंदीची दोन रोपं दोन कुंड्यांत लावा. एकाचा शेंडा खुडा, दुसऱ्याला हात लावू नका. बाकी माती, ऊन, पाणी सगळं सारखं. दर रविवारी दोन्हींचे फुटवे मोजून वहीत लिहा. महिना-दीड महिन्याने वही उघडा आणि थिमन-स्कूग यांनी जे पाहिलं, ते तुमच्या कुंड्यांत दिसतंय का ते तपासा.

आणि या जूनमध्ये बाईंना किंवा सरांना विचारून शाळेच्या आवारातली दहा फूट जागा तुमच्या वर्गाकडे मागून घ्या. करवंद, अडुळसा, कुंती लावा. पहिल्या वर्षी न घाबरता शेंडे कापा, दोन उन्हाळे पाणी घाला. तारेचं कुंपण गंजत जातं, भिंतीला तडे जातात. तुम्ही लावलेलं कुंपण मात्र तुम्ही शाळा सोडून गेल्यावरही नव्या मुलांच्या हातांनी कापलं जाईल आणि दरवर्षी थोडं अधिक दाट होत राहील.